सतरा नंबरचा खिळा

१

चोराने पितळेची शिटी सोडली, तांब्याच्या नळ्या सोडल्या, दाराशीच ठेवलेला हातभर उंचीचा कंदील सोडला, आणि नेलं काय, तर काजळीने माखलेला बिस्किटाएवढा एक बिल्ला. फोनवर भाचीचा आवाज चिरकत होता. उद्या सकाळी उद्घाटन, आणि फळ्यावरचा बिल्ला गायब.

"मावशी, पोलिसांत जाऊ का?"

"आधी मी येते," मावशी म्हणाल्या. फोन ठेवेपर्यंत त्यांच्या पायात चपला आल्या होत्या.

मावशी म्हणजे फौजदारबाई. नोकरी संपून वर्षही झालं नव्हतं. सगळे त्यांना अजून त्याच नावाने हाक मारत आणि त्याही ओ देत. घरात मात्र त्यांचं चित्त ठिकाणावर नसे. माळ्यावरचे डबे उतरवायचे, पुसायचे, परत चढवायचे, मग पडदे. नवरा म्हणायचा, हिला खुर्चीला बांधून ठेवलं तर ही खुर्चीसकट चालायला लागेल. त्यामुळे भाचीचा फोन आला तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते नवऱ्याला.

वाफेच्या इंजिनांची जुनी शेड शहराच्या कडेला होती. अर्धगोल इमारत, समोर इंजिनाचं तोंड फिरवायचं लोखंडी टेबल, आणि प्रत्येक रुळावर छतातून धूर ओढून घेणारं एक धुराडं. भरभराटीच्या काळात इथे रात्रंदिवस इंजिनं आत-बाहेर करत. भट्टी झाडायची, राख उपसायची, बॉयलर धुवायचा, कोळसापाणी भरायचं आणि पुन्हा रुळावर सोडायचं. आजूबाजूच्या घरांतले वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे, पण तक्रार कोण कोणाकडे करणार, घरटी एक माणूस शेडमध्येच होता. मग डिझेल आलं, आणि ज्या दाराला कधी कडी लागली नव्हती त्याला कुलूप लागलं. आता तिथे संग्रहालय होत होतं. एकच इंजिन उरलं होतं, तेही रंगरंगोटी करून उभं केलेलं.

"हा फिटर लोकांचा फळा," भाची म्हणाली. तिने कालपासून केस विंचरलेले दिसत नव्हते. "प्रत्येकाचा एक नंबर, नंबराचा खिळा, खिळ्याला पितळी बिल्ला. कामावर आलं की बिल्ला खिशात घालायचा. इंजिनाखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये, उतरायचं असेल तर आधी वर चढून तो रेग्युलेटरच्या दांड्याला टांगायचा. त्या दांड्यानेच इंजिन चालतं. नंबर ड्रायव्हरच्या तोंडासमोर. तो लटकतोय तोवर ड्रायव्हरने दांड्याला हात लावायचा नाही, आणि बिल्ला काढायचा तो ज्याचा त्यानेच. मोठ्या साहेबालासुद्धा ती मुभा नव्हती."

"आणि घरी जाताना?"

"परत खिळ्याला, पण नंबर भिंतीकडे करून. नंबर भिंतीकडे, म्हणजे माणूस सुखरूप बाहेर आला. नोकरी सोडताना बिल्ला घरी न्यायचा. सगळ्यांनी ते आता प्रदर्शनासाठी परत आणून दिलेत. कामावर असताना जो गेला त्याचा मात्र खिळ्यावरच राहायचा. त्याला कोणी बोटही लावायचं नाही."

फौजदारबाईंनी फळ्यावरून नजर फिरवली. काळवंडलेल्या बिल्ल्यांच्या रांगेत दोन खिळे रिकामे होते, शेजारी शेजारीच. सतरा आणि अठरा.

"अठरावाल्याने दिलाच नाही, हरवला म्हणतो," भाची म्हणाली. "चोरीला गेला तो सतरा. आणि कोणी नेला ते मला माहीत आहे."

२

भिंतीवर शेडच्या इतिहासाचे तक्ते लावले होते. शेवटच्या तक्त्यावर नवा कोरा मखमली पडदा होता. भाचीने तो बाजूला केला.

चाळीसेक वर्षांपूर्वीचा अपघात. 'शेडच्या इतिहासातील हा एकमेव मृत्यू. फिटर क्रमांक सतरा बिल्ला न लावता इंजिनाखाली उतरला व इंजिन हलल्याने चिरडला गेला. चौकशीत त्याचा बिल्ला फळ्यावरच आढळला. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाल्याचा निर्णय देण्यात आला.'

"त्याची मुलगी महिनाभर माझ्या मागे लागलीये, हे वाक्य काढा म्हणून. मी कशी काढू? कागदोपत्री निकाल आहे. आणि फळ्यावर बिल्ला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आता तोच नाही. पुरावाच नाही, तर वाक्य कशाच्या जोरावर ठेवणार, असं तिला वाटलं असणार."

"काल ती आली होती?"

"हा पडदा तिनेच शिवलाय. दुपारी लावायला आली होती."

फौजदारबाईंनी पडद्याची कड चाचपली. बापाची नाचक्की ज्याच्यामागे झाकायची तो पडदा लेकीनेच शिवावा, आणि भाचीला त्यात काही वावगंही वाटू नये. पोरगी शिकलेली होती, पण कधी कधी डोळ्यांना झापडं लावून चालायची.

"काल नेमकं काय काय झालं ते सांग."

काल दुपारी तालीम झाली होती. उद्घाटनाला शेडमधला सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला सगळं गाव उस्ताद म्हणे, तो इंजिनावर चढून रेग्युलेटरचा दांडा ओढणार, आणि पंपाच्या हवेवर शिटी वाजणार. तालीम संपल्यावर भाचीने सगळ्यांना सांगितलं होतं, की उद्घाटनाच्या सकाळी बिल्ले पुसून लख्ख करणार आणि पाहुण्यांना दिसतील असे, नंबर पुढे करून लावणार. त्यानंतर उस्ताद बराच वेळ इंजिनाभोवती घुटमळले, मुलगी पडद्याच्या कड्या ओवत बसली, आणि भाची स्वतः फोनवर पाहुण्यांची मनधरणी करत होती. संध्याकाळी कुलूप लावताना सतराचा खिळा रिकामा दिसला.

"आणखी कोणी नाही?"

उत्तर दाराशी उभ्या रखवालदाराने दिलं. "अठरावाला आलावता. त्याचं आता घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. आपलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला आणि माझ्या हातात देऊन गेला. गेटच्या आत पाऊल टाकत नाही तो. चाळीस वर्षं झाली म्हणतात."

"मावशी," भाची म्हणाली, "उद्या पाहुणे यायच्या आत बिल्ला मिळाला नाही तर मी सरळ तिच्या नावाने तक्रार देणार. वाक्य तर राहीलच, वर चोरीचा आळही येईल. सांग तिला."

फौजदारबाई तोवर गेटपर्यंत पोचल्या होत्या.

३

शिवणाच्या खोलीत कापडाच्या चिंध्यांतून वाट काढावी लागत होती. मुलगी आता पन्नाशीच्या घरात आली होती. मशीनवरून पाय न काढताच तिने विचारलं, "मला पकडायला आलात?"

"नेला असलास तर सांग. रात्रीतून परत ठेवू, माझी भाची काही बोलणार नाही."

मशीन थांबलं.

"बाई, माझ्या बाबांना घरातून निघताना दोनदा चूल बघायची सवय होती. विझली का, खरंच विझली का. आई चिडायची त्यांच्यावर. असा माणूस बिल्ला न लावता खाली उतरला, हे मी जन्मभर ऐकतेय. आई मरेपर्यंत वेंधळ्याची बायको म्हणून जगली. तो बिल्ला खोटं बोलतोय असं मला लहानपणापासून वाटतं. पण खोटं बोलणाऱ्याला पळवून लावून मला काय मिळणार? मला त्याच्याकडून खरं वदवून घ्यायचं होतं."

फौजदारबाईंनी हजारो माणसं खोटं बोलताना पाहिली होती. ही बोलत नव्हती. पण तसं वाटणं वेगळं आणि भाचीला पटवणं वेगळं.

"त्या दिवशीचं काही आठवतं?"

"मला ताप होता. आदल्या संध्याकाळी बाबा धावत घरी आले. हातसुद्धा धुतले नव्हते, माझ्या कपाळाला काळे डाग पडले त्यांच्या हाताचे. सकाळी मी झोपेत असतानाच गेले." तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "डाग आईने पुसले नंतर."

तिथून बाई उस्तादांकडे गेल्या. म्हाताऱ्याची खोली आरशासारखी स्वच्छ होती आणि उद्याचा कोट इस्त्री करून खुंटीवर लटकत होता. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. स्वतः मात्र उभेच राहिले आणि बोलता बोलता टेबलावरची प्रत्येक वस्तू उचलून परत होती तिथे ठेवू लागले.

"त्या दिवशी इंजिनावर तुम्हीच होतात ना?"

"मीच. एकटाच. फायरमन कोळशाचं बघायला गेला होता. इंजिन थोडं पुढे घ्यायचं होतं, वीतभर."

"आणि सतराचा बिल्ला?"

"दांड्याला सतराचा बिल्ला नव्हता. शपथेवर सांगितलंय मी चौकशीत, आजही सांगतो. मी काय आंधळा होतो? समोर अठरा नळापाशी चहा पीत उभा होता, तोसुद्धा मला दिसत होता. खाली कोणी नाही असं बघूनच दांडा ओढला." उस्तादांनी चष्म्याची डबी उचलली, ठेवली. "त्या पोरीला त्रास देऊ नका बाई. बाप गेला तिचा. बिल्ला नेला असेल तर नेला. बिल्लाच तो, त्यात काय एवढं."

"तुम्ही नाही ना नेला?"

ते हसले. "मी ड्रायव्हर. मला फिटरच्या बिल्ल्याचं काय करायचंय?"

बोलणं सरळ होतं. तरी जिना उतरताना फौजदारबाईंच्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं. कुठलं वाक्य ते कळेना. त्यांनी ते झटकलं आणि घड्याळाच्या दुकानाचा रस्ता धरला. अठरावाल्याने बिल्ला हरवला म्हटलं होतं. बिल्ला हरवणारी माणसं चाळीस वर्षं गेटबाहेर उभी राहत नाहीत.

४

दुकान म्हणजे जिन्याखालचं एक फडताळ होतं. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यामागे डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजींनी मान वर केली नाही.

"दुरुस्तीला दिवस लागतील. सगळे घाईत असतात."

"मला घड्याळ दुरुस्त नाही करायचं. अठरा नंबरचा बिल्ला बघायचाय."

घड्याळजींच्या हातातला चिमटा थांबला.

"हरवला म्हणून सांगितलंय त्या मुलीला."

"माझ्या भाचीला सांगितलंत. मला नाही." फौजदारबाई स्टुलावर बसल्या आणि लगेच उठल्या, कारण बसून त्यांना विचारता येत नसे. "उद्या सकाळी सतराच्या लेकीवर चोरीचा आळ येणार आहे. तिचा बाप वेंधळा आणि ती चोर. एवढंच मला माहीत आहे. बाकी तुम्हाला माहीत असेल तर बोला."

म्हाताऱ्याने चिमटा खाली ठेवला. मग घड्याळजींनी गळ्यातली किल्ली काढली, सगळ्यात खालचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी समोर ठेवलं. फौजदारबाईंनी फडकं सोडलं.

पितळेचा बिल्ला होता. त्यावर सतरा कोरलेलं होतं.

५

"म्हणजे तुम्हीच नेलात," असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं होतं, पण बिल्ला हातात घेतल्यावर त्या थांबल्या. तो गुळगुळीत होता. कडा झिजलेल्या, आकड्याचे कोपरे बोटांनी मऊ झालेले. फळ्यावरचा बिल्ला तर चाळीस वर्षं कोणाच्या हाताविना काजळी खात लटकत होता. भाचीने तो अजून पुसलाही नव्हता.

"हा कालचा नाही. हा तुम्ही वर्षानुवर्षं हाताळताय."

"रोज," घड्याळजी म्हणाले. "रोज काढतो, बघतो, परत ठेवतो. बाई, माझ्या मित्राला इंजिनाने नाही मारलं. मी मारलं."

आणि मग त्यांनी सांगितलं. बांध फुटावा तसं नव्हे, घड्याळाचा एकेक भाग काढून मांडावा तसं, सावकाश. आदल्या संध्याकाळी मित्राच्या लेकीला ताप आल्याचा निरोप आला. तो म्हणाला, माझा बिल्ला तेवढा टांग, मी पळतो. घड्याळजींनी दोन्ही बिल्ले घेतले आणि गप्पा मारत मारतच खिळ्यांना लावून टाकले, नंबर भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी अपघात झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी नोकरी सोडली. घरी येऊन खिशातला बिल्ला रॉकेलने पुसला आणि आकडा दिसला, सतरा.

"अदलाबदल झाली होती. माझ्या खिळ्यावर त्याचा आणि त्याच्या खिळ्यावर माझा. सकाळी मी जागेच्या अंदाजाने माझ्या खिळ्यावरचा उचलला, बघितलासुद्धा नाही. त्याने मात्र बघितला असणार. हा आपला नाही, म्हणून तिथेच ठेवला असणार. मला शोधलं असेल, मी सापडलो नसेन, मग तसाच उतरला खाली. चौकशीवाल्यांना सतराच्या खिळ्यावर बिल्ला दिसला तो त्याचा नव्हताच, माझा होता. पण मेलेल्या माणसाच्या बिल्ल्याला आमच्यातलं कोणी हात लावू देईना, म्हणून उलटून कोणी बघितलाच नाही. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्याच्या बायकोला जाऊन सांगणार होतो, की माझ्या हातून झालं?"

म्हातारा रडला नाही. भिंग डोळ्याला लावून परत घड्याळात वाकला, पण त्याच्या हातांना काही सुचत नव्हतं. फौजदारबाईंना त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला, त्या चाळीस वर्षांचा. एवढा काळ एक माणूस एका गेटबाहेर उभा होता.

"तुम्ही लोक," त्यांनी विचारलं, "कामाला लागताना आपला बिल्ला वाचत होतात का?"

"आपला आपण कशाला वाचायचा? हात काळे, बिल्ला काळा. जागा पाठ असायची. वाचायचा ड्रायव्हरने, म्हणून तर नंबर त्याच्याकडे करायचा."

"मग तुमच्या मित्राने तरी का वाचला असेल?"

घड्याळजींनी भिंग काढलं.

"आणि समजा वाचला. दोनदा चूल बघणारा माणूस होता तो. हातात दुसऱ्याचा बिल्ला आहे म्हणून बिनबिल्ल्याचा खाली उतरला असता? की होता तोच टांगला असता?"

"टांगला असता," ते हळूच म्हणाले. "कुठलाही टांगला असता. बिल्ला तो बिल्ला. पण मग... तो खिळ्यावर कसा सापडला?"

६

हाच प्रश्न घेऊन फौजदारबाई रस्त्याला लागल्या. घरी जायचं होतं, पण पाय शेडकडे वळले, मग बाजाराकडे, मग परत शेडकडे. भाजीवालीने त्यांना दोनदा हटकलं, काय हवंय म्हणून, आणि दोन्ही वेळा त्यांनी तीच मिरची विकत घेतली.

बिल्ला कोणीतरी परत टांगला होता. अपघातानंतर सगळे पिटकडे धावले असतील, फळ्याकडे कोणाचं लक्ष असणार? पण परत टांगायला तो आधी दांड्यावरून काढायला हवा. आणि जो मोडायची सगळ्यांना भीती वाटते तो नियम म्हणजे, दुसऱ्याचा बिल्ला काढायचा नाही. कोण काढेल? आणि का काढेल? खाली माणूस असताना मुद्दाम बिल्ला काढून इंजिन चालवणारा राक्षस त्यांना या सगळ्यात दिसत नव्हता.

आणि आजच्या चोराला एवढी घाई का? बिल्ला चाळीस वर्षं लटकत होता तेव्हा कोणाला नकोसा झाला नाही. भाचीने नंबर पुढे करणार म्हटलं आणि त्याच दुपारी तो गेला. म्हणजे चोराला बिल्ल्याची भीती नव्हती, नंबराची होती. सतराच्या खिळ्यावर अठरा लटकतोय हे ज्याला ठाऊक होतं तो चोर. ठाऊक असलेला एक माणूस गेटच्या आत पाऊल टाकत नाही. दुसरा कोण?

मिरचीची पिशवी हातात घेऊन त्या भर रस्त्यात उभ्या राहिल्या. मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि वळसा घालून गेला.

त्यांना ते वाक्य आठवलं होतं. त्यांनी सतराबद्दल विचारलं होतं, आणि उस्तादांनी न विचारता अठराचा ठावठिकाणा सांगितला होता.

त्या उलट पावली घड्याळाच्या दुकानात गेल्या. "हा बिल्ला मला उद्यापुरता द्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी लवकर गेटपाशी या. आत या असं मी म्हणत नाही."

७

सकाळी पाहुण्यांच्या आधी शेवटची तालीम ठेवली होती. भाची मावशीकडे चोरून बघत होती, कारण मावशीने तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, की तोंड बंद ठेव. मुलगी पडद्याची दोरी ताणून बांधत होती. तिच्या चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण होतं.

उस्ताद इस्त्रीच्या कोटात आले आणि या वयातही झपझप इंजिनावर चढले. आपल्या जागी उभे राहिले, खांदे सरळ केले, सवयीने दांड्याकडे हात नेला.

हात मध्येच थांबला.

दांड्याला एक लख्ख बिल्ला लटकत होता, नंबर त्यांच्या तोंडासमोर. सतरा.

"हा कोणी लावला?" त्यांनी विचारलं.

"काढा की उस्ताद," फौजदारबाई खालून म्हणाल्या. "इंजिन मेलेलं आहे. हलणार थोडंच?"

"ज्याचा त्याने काढायचा."

"एकदा काढला होतात तुम्ही."

उस्तादांचा हात तसाच हवेत होता.

"काल मी सतराचं विचारलं," बाई बोलू लागल्या, आणि बोलताना नेहमीसारख्या येरझाऱ्या घालू लागल्या, "आणि तुम्ही म्हणालात, अठरा नळापाशी उभा दिसत होता. शेडमध्ये एवढी माणसं. खाली कोणी नाही हे बघताना तुम्ही एकट्या अठरालाच का शोधलंत? कारण तुमच्या दांड्याला अठराचा बिल्ला होता. तुम्ही खोटी शपथ घेतली नाहीत, सतराचा बिल्ला तिथे नव्हताच. आदल्या संध्याकाळी चुकून अदलाबदल झाली होती. सतराने न वाचता जो हाताला लागला तो टांगला आणि खाली उतरला, नियमाप्रमाणे. तुम्ही वाचलात अठरा. मान वर केलीत, तर अठरा समोर चहा पितोय. तुम्हाला वाटलं, विसरला गाढव बिल्ला काढायला. हाक मारून त्याला बोलवायचं, त्याने यायचं, चढायचं, एवढं कशाला? वीतभर तर न्यायचं होतं."

मुलीच्या हातातून दोरी सुटली.

"नंतर सगळे पिटकडे धावले, आणि तुमच्या हातात तो बिल्ला. काढला म्हणून सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. तुम्ही तो सतराच्या खिळ्याला लावलात, नंबर भिंतीकडे करून. त्याने कामावर येताना उचललाच नव्हता असं दिसावं म्हणून. परवा कळलं, की आता नंबर पुढे होणार."

उस्ताद फायरमनच्या बाकावर बसले. एकदम म्हातारे दिसू लागले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी काळाकुट्ट बिल्ला काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"चौकशीच्या दिवशी सांगणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, निकाल लागल्यावर सांगू. मग तिची आई भेटली बाजारात, आणि मी रस्ता बदलला. एकदा रस्ता बदलला की रोज बदलावा लागतो." त्यांनी मुलीकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "नदीत टाकायला नेला होता काल. फेकवला नाही. गेलेल्या माणसाच्या हातचा बिल्ला, कसा फेकायचा?"

फौजदारबाईंनी तो घेऊन अंगठ्याने काजळी पुसली. खालून अठराचा आकडा वर आला. भाचीने तो बघितला. मग ती पडद्याकडे गेली, तो घट्ट ओढून घेतला आणि दोरी गाठ मारून बांधून टाकली. "आज हा उघडायचा नाही," ती म्हणाली. "तक्ता नवीन लिहायचा. मीच लिहिणार."

गेटपाशी पावलं वाजली. घड्याळजी आत येत होते. रूळ ओलांडताना क्षणभर थबकले, मग आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पोरी, अदलाबदल माझ्या हातून झाली," ते मुलीला म्हणाले. "ते तसंच राहतं."

"ताप मला आला होता, काका," ती म्हणाली. "घाई माझ्यामुळे झाली. मग मलाही धरायचं का?"

मुलगी इंजिनाच्या पायऱ्या चढली. उस्ताद कडेला सरकले, अंग चोरून. तिने त्यांना काही विचारलं नाही, क्षमा केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दांड्यासमोर उभी राहून तिने खाली बघितलं.

"ज्याचा त्यानेच काढायचा ना? मी काढला तर चालेल?"

घड्याळजींनी मान हलवली. "घरचं माणूस चालतं."

तिने दोन्ही हातांनी बिल्ला काढला. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या येऊन थांबत होत्या, दारं आपटत होती, रखवालदार कोणाला तरी थांबायला सांगत होता. ती फळ्यापाशी गेली आणि सतराच्या खिळ्याला बिल्ला अडकवला.

"नंबर पुढे..." भाची सवयीने म्हणाली.

मुलीने बिल्ला उलटा केला, नंबर भिंतीकडे, आणि तो नीट लागला आहे की नाही ते दोनदा बघितलं.